निपाणीचं गुरुत्वाकर्षण

निपाणीजवळच्या त्या पदव्युत्तर केंद्रात गुरुत्वाकर्षण सतरा वर्षं जागचं हललेलं नव्हतं. एम.एस्सी. फिजिक्सच्या पहिल्या वर्षाला चौथा प्रयोग केटरच्या लोलकाचा असे, आणि त्याचं उत्तर ९८०.६ येत असे. दरवर्षी, प्रत्येकाचं, दशांशासकट. मुलं फार काटेकोर होती अशातला भाग नाही. वरच्या वर्गाचं जर्नल खालच्या वर्गाला मिळायचं आणि त्यावरून नवं उतरून काढलं जायचं. हस्ताक्षर तेवढं बदलायचं.

आरोहीच्या वाट्याला आलेल्या जर्नलात नेमकं चौथ्या प्रयोगाचं पान नव्हतं. ते ज्या सौम्याचं होतं तिच्या पुतणीनं त्या पानामागं बदक काढलं होतं, आणि बदक चांगलं जमलं म्हणून घरच्यांनी पान फाडून भिंतीला चिकटवलं होतं. बाकीची जर्नलं बाकीच्यांकडं फिरत होती. प्रात्यक्षिक परीक्षेला पुरं जर्नल दाखवायचं होतं. तेव्हा आरोही आणि तिची जोडीदार चंदना या दोघींनी नाइलाजानं प्रयोग करायचं ठरवलं.

आरोही बेळगुंदीची. तिचे वडील परशराम सकाळी रताळ्याच्या रानात चक्कर मारून आठाला बेळगावात, उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपात लेथवर उभे राहायचे. आरोहीला बी.एड.ला जायचं होतं, पण तिथं नंबर लागला नाही आणि फिजिक्सचा फॉर्म अजून मिळत होता, म्हणून ती निपाणीत खोली घेऊन राहिली. चंदना बोरगावच्या एका जैन व्यापाऱ्याची मुलगी. ती रोज स्कूटरवरून यायची आणि डिकीत बँकेच्या परीक्षेची पुस्तकं ठेवायची. पहिल्या दिवशी अभिनंदन सरांनी वर्गाला विचारलं होतं, तुमच्यापैकी फिजिसिस्ट कोण होणार? अठरा जणांपैकी एकानंही हात वर केला नाही. फिजिसिस्ट म्हणजे व्हरांड्यात फोटो लावलेली माणसं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यातला एकही जिवंत नव्हता, त्यामुळं कुणाला तशी घाईही नव्हती.

लोलक कपाटात होता आणि कपाटाची किल्ली शोधायला प्रयोगशाळेतल्या गुंडूआण्णांना दोन दिवस लागले. लोलक म्हणजे सव्वा मीटरची पितळी पट्टी. तिला दोन पोलादी धारा बसवलेल्या आणि सरकवायची दोन वजनं. एका धारेवर टांगून झुलवायची, मग उलटी करून दुसऱ्या धारेवर झुलवायची आणि दोन्हीकडून एका झोक्याला सारखाच वेळ लागेपर्यंत वजनं पुढंमागं करायची. तो वेळ आणि दोन धारांमधलं अंतर एवढ्यावरून पृथ्वी किती जोरानं ओढते ते काढता येतं. अंतर पट्टीवरच खोदलेलं होतं, ९९.४० सेंटिमीटर. तेव्हा मोजायचा राहिला वेळ.

एप्रिल संपत आला होता. पंखा लावला की लोलक भलतीकडंच हलायचा, म्हणून पंखा बंद. दोघी शंभर-शंभर झोके मोजत बसल्या. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी दोन्हीकडचे वेळ जुळले आणि उत्तर आलं ९७१.८.

चंदनानं वहीकडं पाहिलं आणि घाम पुसला. अभिनंदन सरांनीही वहीकडं पाहिलं. सर स्वभावानं गरीब. त्यांची पीएच.डी. कागदावरच्या स्फटिकांची होती आणि स्फटिकांनी त्यांना कधी त्रास दिला नव्हता. ते म्हणाले की ९८०.६ यायला पाहिजे, कुठंतरी चुकलंय, परत करा.

परत केलं. ९७१.९ आलं. आणखी एकदा केलं, पुन्हा ९७१.८.

चंदनाचं म्हणणं पडलं की आता पुरे, उलट्या बाजूनं गणित करून वेळ लिहून टाकू, सगळे तेच करतात. तिनं पेनाचं टोपण काढलं सुद्धा. आरोही वहीकडं बघत बसली होती. खरं तर तीही कंटाळली होती. पण लहानपणापासून वडिलांच्या तोंडून एक गोष्ट तिनं ऐकली होती. नव्या पोराच्या हातनं माल बिघडला तर प्रत्येक नग वेगळा बिघडतो, आणि मशीन झिजलेलं असलं तर सगळे नग सारखेच बिघडतात.

"चंदना, चूक आपली असती तर दरवेळी वेगळी आली असती," ती म्हणाली. "ही दरवेळी तेवढीच येती. म्हणजे आपली न्हाय."

"मग कुणाची?"

दोघींनी लाकडी मीटरपट्टी आणून दोन धारांमधलं अंतर मोजलं. पट्टीवर खोदलेलं होतं ९९.४०, आणि मीटरपट्टी म्हणत होती शंभर, वर थोडंसं काहीतरी. दोघींनी पुन्हा मोजलं. गुंडूआण्णा दारात उभे होते. ते म्हणाले की एक धार मागं एकदा तुटली होती, तेव्हाच्या सरांनी निपाणीतल्या इंजनं दुरुस्त करणाऱ्याकडून दुसरी बसवून घेतली, जुनं भोक वाया गेलं होतं म्हणून त्यानं जरा वर नवं पाडलं. पट्टी हातात धरून आपणच उभे होतो. आरोहीनं विचारलं की हे तुम्ही कुणाला सांगितलं कसं नाही. गुंडूआण्णा म्हणाले की कुणी विचारलं नाही.

नवं अंतर घालून उत्तर ९७८ च्या आसपास आलं. सरांना ही बातमी ऐकून बरं वाटलं. त्यांनी कॅल्क्युलेटर घेतला, थोडा वेळ बटणं दाबली आणि म्हणाले की लांबी १००.३ धरली तर बरोबर ९८०.६ येतं, मीटरपट्टीनं तेवढं मागंपुढं होतंच, तेव्हा तसं लिहा. चंदनानं लगेच लिहून घेतलं. आरोहीनं विचारलं की धारांमधलं अंतर नीट मोजून आणलं तर चालेल का. सर म्हणाले, कुठून आणणार? ती म्हणाली, उद्यमबागेतून.

संस्थेची वस्तू बाहेर न्यायची म्हणजे अर्ज आला. अर्ज तीन प्रतींत झाला. वस्तूचं नाव केटरचा लोलक, संख्या एक, बाहेर नेण्याचं कारण लांबी मोजणे. सरांनी सही करताना कारण दोनदा वाचलं.

शनिवारी दुपारी आरोही जुन्या चादरीत गुंडाळलेला लोलक घेऊन बेळगावच्या बसमध्ये चढली. कंडक्टरनं कानडीत विचारलं, देवळाचं आहे का? तिनं कानडीतच सांगितलं की कॉलेजचं आहे. तो थोडा हिरमुसला. लगेजमध्ये टाकायला नको म्हणाली, वाकेल म्हणाली, मांडीवरच धरून बसते म्हणाली. मांडीवर बसणाऱ्याचं त्यानं अर्धं तिकीट काढलं. संकेश्वरपर्यंत ती उभीच होती, पुढं जागा मिळाली. काकती मागं पडेपर्यंत तिच्या दोन्ही हातांना मुंग्या आल्या होत्या, पण पट्टी तिनं खाली टेकवली नाही.

रविवारी वर्कशॉप बंद असे. मालकाला विचारून परशरामांनी किल्ली घेतली. त्यांनी मापं घ्यायची सपाट लोखंडी सरफेस प्लेट आधी रॉकेलनं, मग कोरड्या फडक्यानं पुसली, लोलक तिच्यावर आडवा ठेवला आणि लाकडी पेटीतून मीटरभराहून लांब, बारीक मापाचा व्हर्नियर काढला. मग विचारलं, "किती बारीक पायजे?"

"जमंल तेवढं, आप्पा."

"असं नसतंय. किती पायजे ते सांग. कामाला लागतंय त्येच्यापरास बारीक मोजणं ही बी चूकच."

आरोहीनं कागद काढला आणि उभ्याउभ्या हिशेब केला. तिला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता, विद्यापीठानं तर नाहीच. शेवटी ती म्हणाली की मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत कळलं तरी पुरे. परशरामांनी तिच्याकडं जरा कीव आल्यासारखं पाहिलं. एवढ्या ढिल्या मापाचा माल त्यांनी उमेदवारीतसुद्धा केला नव्हता.

त्यांनी व्हर्नियरचे आतले जबडे दोन्ही धारांना टेकवले, दाब न देता, आणि वाकून वाचलं. हजार पॉइंट सहा मिलिमीटर.

"आता उलटा करून मोजा," आरोही म्हणाली.

"कशाला? मी मोजलंय की."

"तुम्ही मोजलंय म्हणूनच."

तीस वर्षांत परशरामांचं माप पुन्हा घ्या असं मालकानंही म्हटलं नव्हतं. त्यांनी पट्टी उलटी केली, पुन्हा वाकले. हजार पॉइंट सहा दोन. तिसऱ्यांदा हजार पॉइंट पाच आठ. आरोहीनं तिन्ही आकडे लिहून घेतले. यातला खरा कुठला, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली की तिन्ही.

परशरामांनी व्हर्नियर पुसून पेटीत ठेवला. "आमच्यात हे चालायचं न्हाय," ते म्हणाले. "पर बरोबर हाय."

परत जाताना त्यांनी विचारलं की हे सगळं कशाकरता. तिनं सांगितलं की पृथ्वी निपाणीत किती ओढते ते काढायचं आहे.

"आन् ते आजवर कुणाला म्हाईत न्हवतं?"

"लिवलंय सगळ्यांनी. मोजलेलं न्हाय कुणी."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसमध्ये तिनं गणित पुरं केलं. ९७८.३ आलं, आणि चूक झालीच तर ०.३ इकडं किंवा ०.३ तिकडं. ९८०.६ गाठायला लागणाऱ्या सव्वादोनची नाही. तिनं प्रत्येक पायरी पुन्हा तपासली. वेळ तिनं आणि चंदनानं मिळून आठ वेळा मोजला होता. अंतर आप्पांनी मोजलं होतं. मग तिच्या डोक्यात जे आलं ते इतकं साधं होतं की तिला आधी त्याची लाजच वाटली. आपलं ९७८.३ कुठलं ते आपल्याला ठाऊक आहे. पण हे ९८०.६ कुठलं?

केंद्राच्या लायब्ररीत एक जाडजूड जुनं पुस्तक होतं. त्यात शेवटी तक्ते होते आणि ९८०.६ च्या खाली बारीक अक्षरांत एक टीप होती. अक्षांश पंचेचाळीस, समुद्रसपाटी. पृथ्वी सगळीकडं सारखी ओढत नाही. विषुववृत्ताजवळ कमी ओढते, ध्रुवाकडं जास्त, आणि उंचावर आणखी थोडी कमी. हे दोघींनी बी.एस्सी.ला पाठ करून लिहिलं होतं आणि मार्कही मिळवले होते. चंदनानं फोनवर नकाशा काढला आणि पंचेचाळिसाव्या अक्षांशावरून बोट फिरवलं. फ्रान्स लागला, मग बराच वेळ काही ओळखीचं लागलं नाही, मग मंगोलिया लागला.

"म्हणजे सतरा वर्षं आपली पोरं मंगोलियाचं गुरुत्वाकर्षण लिहित्यात," ती म्हणाली.

मग तिनं निपाणीचा अक्षांश आणि उंची पुस्तकातल्या सूत्रात घातली. ९७८.३ आलं. चंदनानं पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा आकडे घातले. तेच आलं. आरोहीला वाटलं होतं की अशा वेळी काहीतरी मोठं वाटत असेल. तसं काही झालं नाही, भूक मात्र लागली. पण जेवताना तिच्या लक्षात आलं की हा आकडा आता कुणी बदलला तर आपल्याला राग येईल. आजवर तिला कुठल्या आकड्याचा लोभ नव्हता की राग नव्हता.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी सरांनी दोघींना बोलावलं. बाहेरून येणाऱ्या अनुराधा मॅडम कडक आहेत, उगाच प्रश्न निघतील, तेव्हा जर्नलात ९८०.६ च असू दे, खरं काय ते आपल्याला माहीत आहेच, असं ते म्हणाले. ते मनापासूनच म्हणत होते. त्यांना पोरींचे मार्क जायला नको होते. चंदनानं त्याची सोय करूनच ठेवली होती. तिनं दोन जर्नलं लिहिली होती, एक निपाणीचं आणि एक मंगोलियाचं. परीक्षेच्या दिवशी ती स्कूटरपाशी बराच वेळ उभी राहिली. मग तिनं मंगोलियाचं जर्नल बँकेच्या पुस्तकांखाली सरकवलं आणि डिकी बंद केली.

अनुराधा मॅडम फार बोलत नव्हत्या. त्यांनी अठरा जर्नलं ओळीनं पाहिली, सोळा एका बाजूला ठेवली आणि दोन दुसऱ्या बाजूला. मग या दोघींना बोलावलं.

"सोळा जणांचं ९८०.६ आहे. तुमचं का नाही?"

"आम्ही इथं मोजलं, मॅडम," आरोही म्हणाली.

"आणि त्यांनी?"

आरोहीनं खिडकीबाहेर पाहिलं. मॅडमनी तो प्रश्न सोडून दिला. लांबीचे तीन आकडे का, ०.३ कुठून काढलं, पंखा चालू होता की बंद, असं त्या विचारत गेल्या आणि दोघी सांगत गेल्या. अक्षांशाचं चंदनानं सांगितलं. मग मॅडमनी विचारलं, हेच उत्तर ९८०.६ आलं असतं तर काय केलं असतं?

आरोही थांबली. तीन आठवड्यांपूर्वी आलं असतं तर तिनं ते लिहून मोकळं होऊन खोली गाठली असती. "आता आलं असतं," ती म्हणाली, "तर चूक शोधली असती."

मॅडम उठल्या. त्यांनी सोळांपैकी साईराज नावाच्या मुलाला लोलक टांगायला सांगितलं. साईराज हुशार होता, वर्गात पहिला यायचा. त्यानं लोलक हातात घेतला, एकदा सरळ धरला, एकदा उलटा धरला आणि मग गुंडूआण्णांकडं पाहिलं. गुंडूआण्णा भिंतीकडं बघत होते. मॅडमनी सोळा जर्नलांवर लाल शाईनं पुन्हा करणे असं लिहिलं, दहा दिवसांची मुदत दिली आणि पाचची बस पकडायला निघून गेल्या.

चार दिवस वर्गातलं कुणी आरोहीशी बोललं नाही. सतरा वर्षं सुरळीत चाललेलं हिनं बिघडवलं, असं साईराजनं तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं. ते खरंच होतं. चंदना स्कूटर पुढच्या आवारात लावायची ती पोरांच्या नजरेस पडू नये म्हणून मागं लावू लागली. आरोहीला वाईट वाटत होतं. खोलीवर एकटी असताना एकदोनदा तिच्या मनात आलं की ते बदक कुणी काढलंच नसतं तर बरं झालं असतं.

मग मुदत जवळ आली आणि पोरं जोडीजोडीनं लोलकापाशी येऊ लागली. आधी ती गुंडूआण्णांना विचारत होती, मग चंदनाला, शेवटी आरोहीला. प्रश्न एकच, किती यायला पाहिजे? ती म्हणायची, मला काय माहीत, मोजून बघा. पहिल्या जोडीचं ९७६.९ आलं, दुसऱ्या जोडीचं ९७९.२. दोन्ही जोड्यांनी एकमेकांच्या वह्या मागवल्या आणि प्रत्येकीला दुसरीची चूक सापडली. साईराजनं शंभराऐवजी दोनशे झोके मोजले, ९७८.४ काढलं आणि आपलंच जास्त बरोबर असल्याचं जाहीर केलं. आरोही म्हणाली, वही दाखव. त्यानं दाखवली. तिनं विचारलं की तिसऱ्या ओळीतला आकडा का खोडला. तो म्हणाला, तो चुकीचा वाटत होता. ती म्हणाली, वाटणं वेगळं. त्यावर पाऊण तास भांडण झालं, चहा निवला, आणि शेवटी साईराजनं तो आकडा परत घेतला. त्याचं ९७८.२ झालं. तो रागानंच बोलला, पण चार दिवसांनी पहिल्यांदा बोलला.

आठव्या दिवसापर्यंत किती यायला पाहिजे हा प्रश्न कुणी विचारेनासं झालं. आता व्हरांड्यात, त्या फोटोंखाली, पोरं एकमेकांना विचारत होती की तुझं किती पॉइंटपर्यंत खात्रीचं. गुंडूआण्णांनी कपाटाची किल्ली काढून आरोहीच्या हातात दिली. रोज माझ्याकडं मागायला येता ते नको, म्हणाले.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी सगळे जेवायला गेल्यावर आरोही कपाट लावायला म्हणून परतली, तर प्रयोगशाळेत अभिनंदन सर होते. पंखा बंद होता. सरांचा शर्ट पाठीला चिकटला होता, लोलक झुलत होता, आणि ते ओठातल्या ओठात मोजत होते. ती दाराशी थांबली. शंभर झाल्यावर सरांनी घड्याळ दाबलं, आकडे लिहिले, कॅल्क्युलेटर घेतला. मग तेच गणित त्यांनी पुन्हा एकदा केलं.

तिला पाहून ते उठले नाहीत. त्यांनी वही तिच्याकडं सरकवली. तीन वेळा मोजलेलं होतं. तिन्ही वेळा ९९८ च्या वर. सर म्हणाले की त्यांनी हा प्रयोग विद्यार्थी असताना केला नव्हता. म्हणजे लिहिला होता.

आरोहीनं आकडे पाहिले. तिन्ही वेळा तेवढीच चूक. म्हणजे हात चांगला होता.

"सर, एकदा माझ्यासमोर मोजा," ती म्हणाली.

सरांनी लोलक सोडला. तो खालून जाताना त्यांनी घड्याळ दाबलं आणि म्हणाले, "एक."

आरोहीनं हात वर केला. सरांना चूक दाखवायची म्हणजे शब्द कसे घ्यावेत, हे तिनं कुठं शिकलेलं नव्हतं, म्हणून ती सरळच बोलली. "तो एक झोका पूर्ण झाल्यावर म्हणायचा, सर. आत्ता अजून एकही झालेला नाही. तुमचे शंभर म्हणजे नव्व्याण्णवच भरतात."

सरांनी थोडा विचार केला. मग त्यांनी लोलक थांबवला, घड्याळ पुन्हा शून्यावर आणलं आणि खुर्ची पुढं ओढली. आरोहीनं स्टूल घेतलं आणि वहीचं नवं पान काढलं. लोलक सुटला.

"शून्य," सर म्हणाले.